दोन तासांच्या मधली फट: हायस्कूलच्या नव्या शिक्षकांसाठी कृतिसंशोधन

नववीला 'गुणोत्तर व प्रमाण' चालू होते. सहज विचारले, "प्रमाण म्हणजे काय?" पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्यात प्रमाणम् म्हणजे शपथ की." वर्ग हसला. तिच्या घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर आहेत. तेलुगूत प्रमाणम् म्हणजे शपथ, हे अगदी बरोबर. मागून कन्नड घरातल्या एकाने "आमच्यातबी" म्हणून दुजोरा दिला. मग मी मुद्दाम विचारत गेलो. एक म्हणाला, नकाशाखाली लिहितात ते. दुसरी म्हणाली, मराठीच्या बाई म्हणतात ते, प्रमाण भाषा. तिसऱ्याने सांगितले, आई शेंगाचटणीत मीठ प्रमाणात घालते ते. दोन गुणोत्तरे समान असली की ती प्रमाणात असतात, हे मात्र कुणीच सांगितले नाही. आणि आदल्याच दिवशी याच मुलांनी प्रमाणाची उदाहरणे फळ्यावर धडाधड सोडवली होती.

मधल्या सुट्टीत हे भूगोलाच्या बाईंना सांगितले. त्यांना हसू आले नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे उदाहरणं सोडवतात, मग माझ्या तासाला नकाशाप्रमाण आलं की सगळे गप्प का बसतात? मधल्या पाच मिनिटांत ते जातं कुठं?"

सोलापुरातल्या हायस्कूलमध्ये नव्याने लागलेल्या, 'विषयांची सांगड घाला' हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकणाऱ्या आणि ती घालायची कशी हे कुणीच न सांगितलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विषयांमधल्या भिंती कमी करण्याची भाषा आहे. भिंत कुठे फोडायची, हे मात्र आपल्याच वर्गात बघून ठरवावे लागते, आणि ते बघण्याची रीत म्हणजे कृतिसंशोधन.

हा शब्द आपल्या सगळ्यांना बी.एड.पासून माहीत असतो, तेच जरा नडते. तेव्हा आपण काय केले? सीनियरची फाइल आणली, शाळेचे नाव बदलले, बाइंडिंग करून दिली. ते विसरा. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या एका लेखात ही कल्पना मांडली आणि १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांनी ती पुस्तकातून शाळांपर्यंत आणली. मूळ गोष्ट साधी आहे. ज्याला अडचण आहे त्यानेच ती नीट बघायची, एक बदल करायचा, काय झाले ते मोजायचे आणि त्यावरून पुढचा बदल ठरवायचा. संशोधक बाहेरून येत नाही, तो तासाला खडू घेऊन उभाच असतो.

आधी एक चूक सांगतो

आमचा पहिला प्रयत्न 'सोलापुरी चादर' हा होता. सगळ्या विषयांनी मिळून एक विषय घ्यायचा ठरले. इतिहासाने गिरण्यांचा तक्ता केला, भूगोलाने कापसाचा नकाशा, मराठीने निबंध घेतला, मी चादरीची लांबी-रुंदी देऊन क्षेत्रफळ काढायला लावले. व्हरांडा भरून गेला, पाहुणे आले, फोटो निघाले. आठवड्याने मी वर्गात विचारले, यातून काय नवे कळले? एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, चादर आमच्या घरीच विणतात."

चादरीत काही खोट नव्हती. आम्ही सहा विषय एका दोरीवर वाळत घातले होते, एवढेच. कुणालाच काही अडलेले नव्हते, त्यामुळे सुटण्यासारखेही काही नव्हते. म्हणून नव्यांना सांगतो: विषय, म्हणजे थीम, शोधू नका. मुले एका तासाला जे करतात आणि दुसऱ्या तासाला तेच करताना अडतात, अशी जागा शोधा.

पहिली पायरी: दोन आठवडे फक्त नोंदी

जूनमध्ये काहीच करू नका. प्रवेश, पुस्तकवाटप, ऑनलाइन माहिती भरणे यातच तो संपतो. जुलैत एक शंभर पानी वही घ्या. रोज शाळा सुटताना चार ओळी लिहायच्या: आज कुठे अडले, कोण अडले, तोंडून नेमके काय निघाले. 'विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट नाही' असली ओळ उपयोगाची नाही. '१:५०,००० वाचून तिघांनी एक भागिले पन्नास हजार असा भागाकार करायला घेतला' ही ओळ उपयोगाची.

दुसऱ्या विषयाच्या वह्याही मागून घ्या. गणितवाल्याने भूगोलाची वही बघितली की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसतात. आम्हाला दिसले ते असे: मी गुणोत्तर अपूर्णांकासारखे लिहायला लावत होतो, बाई दोन ठिपके देऊन लिहायला लावत होत्या आणि खाली 'एक सेमीस अर्धा किमी' असे वाक्य घेत होत्या. मुलांच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. ही तिन्ही एकाच गोष्टीची रूपे आहेत, असे आम्ही दोघांनीही कधी सांगितले नव्हते.

दुसरी पायरी: जोडीदार एकच

पाच शिक्षकांची समिती केली की पहिली बैठक होते, दुसरी होत नाही. एकच जोडीदार घ्या. तो कोण असावा? तुमच्या आधीचा किंवा नंतरचा तास ज्याचा आहे तो. मैत्रीपेक्षा वेळापत्रक कामाला येते.

'माझा पोर्शन कोण पूर्ण करणार?' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. म्हणून आधीच ठरवा की एकही जादा घटक घ्यायचा नाही. जे दोघांच्या पुस्तकात आहेच तेच घ्यायचे. नववीच्या गणितात गुणोत्तर व प्रमाण आहे, सांख्यिकी आहे. भूगोलाचा पहिलाच पाठ वितरणाच्या नकाशांचा आहे. वेळ नव्याने काढावा लागत नाही, फक्त क्रम जुळवावा लागतो. मुख्याध्यापकांकडे जाताना अर्ध्या पानाचा कागद न्या: वर्ग कोणता, किती आठवडे, कोणते दोन तास लागोपाठ हवेत. एवढे असले की सही मिळायला अडचण येत नाही. दहावीचा वर्ग मागू नका, तो कुणी देणार नाही.

तिसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात

'आंतरविद्याशाखीय अध्यापनाचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर होणारा परिणाम' हे शीर्षक फाइलवर शोभते. यातून सोमवारी सकाळी काय करायचे ते कळत नाही. आमचा प्रश्न असा होता: 'गणितात प्रमाण सोडवणारी आमची नववीची मुले नकाशात ते ओळखत नाहीत, दोन्ही तासांना लिहिण्याची पद्धत आणि शब्द एकच ठेवले, तर पाच आठवड्यांत ओळखू लागतील का?'

यात मुले कोणती, अडचण कोणती, बदल कोणता आणि मुदत किती, हे चारही आहे. चारांतले एक जरी सुटले तरी पुढे गाडी अडते. मुदत सुटली तर हमखास.

चौथी पायरी: आधीची चाचणी

सहा प्रश्न पुरे. युक्ती अशी की गणित एकच ठेवायचे आणि त्याचा पेहराव बदलायचा. दोन प्रश्न शुद्ध गणिताचे, दोन नकाशाचे, दोन घरातले. उदाहरणार्थ, अर्धा किलो शेंगदाण्यांना दोन चमचे तिखट, तर पाऊण किलोला किती? हाच २:३ चा हिशेब मग नकाशावर आणा.

तपासताना बरोबर-चूक एवढेच करू नका. तीन रकाने करा: बरोबर, मांडणी बरोबर पण आकडेमोड चुकली, मांडणीच सुचली नाही. समजा ४२ मुलांपैकी ३३ जणांनी गणिताच्या पेहरावातला प्रश्न सोडवला आणि नकाशाच्या पेहरावातला तोच प्रश्न फक्त १२ जणांनी, तर मधली २१ मुले ही तुमची फट. तुमचे संशोधन त्या २१ जणांबद्दल आहे. उरलेल्या नऊ जणांना गणितच आलेले नाही. त्यांचा उपाय वेगळा, त्यांना या हिशेबात मिसळू नका.

या तपासणीत आमची एक फजिती झाली, ती उपयोगी पडली. नकाशाच्या प्रश्नात बऱ्याच जणांचा दुसरा रकाना भरला. म्हणजे मांडणी जमली होती, पण सेंटिमीटरचे किलोमीटर करताना शून्ये हरवली. एक किलोमीटर म्हणजे १,००,००० सेंटिमीटर, हे मी खालच्या वर्गात झाले म्हणून सोडून दिले होते आणि बाईंनी गणितात झाले असेल म्हणून. दोघांनीही ते दुसऱ्याच्या दारात ठेवले होते. मग आम्ही प्रश्नात 'आणि एकके' हे दोन शब्द घातले. प्रश्न असा बदलला तर लाजू नका, पण वहीत तारीख घालून का बदलला ते लिहा. अहवालात सगळ्यात वाचनीय पान तेच होते.

पाचवी पायरी: कृती

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण फाइलींमध्ये हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

पहिला बदल शब्दांचा. भिंतीवर कार्डशीटची एक पट्टी लावली, वर 'प्रमाण' लिहिले. खाली गणितातला अर्थ, भूगोलातला, विज्ञानातला, मराठीतला. शेवटी 'आमच्या घरी' हा रकाना, तो मुलांनी भरायचा. तिथे शपथही आली, चटणीही आली. सोलापुरात एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी बसतात, आणि तेच शब्द घराघरात वेगळे अर्थ घेऊन फिरत असतात. हा गोंधळ दडपण्यापेक्षा भिंतीवर टांगलेला बरा.

दुसरा बदल लिहिण्याचा. आम्ही दोघांनी एकच मांडणी ठरवली: आधी दोन ठिपक्यांचे गुणोत्तर, त्याखाली अपूर्णांक, त्याखाली एककांसह वाक्य. गणिताच्या तासालाही तीन ओळी, भूगोलाच्या तासालाही त्याच तीन.

तिसरा बदल जोडतासाचा. आठवड्यातून एकदा दोन्ही तास लागोपाठ, दोघेही वर्गात. पहिल्या जोडतासाला सोलापूर-पंढरपूर रस्ता मोजला. नकाशा १:१०,००,००० चा, म्हणजे एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर. रस्ता वाकडा, पट्टी चालत नाही. दोरा लावायचा. दोरा आणायला सांगावे लागले नाही, चार जणांच्या दप्तरातच सूत निघाले. सातच्या आसपास सेंटिमीटर आले, म्हणजे सत्तरेक किलोमीटर, ठीक. एका गटाचे उत्तर बरेच कमी आले. त्यांच्यातल्या एकीनेच कारण शोधले: नकाशावर लावताना दोरा ओढून धरला होता आणि पट्टीवर सैल सोडला होता. मोजमापातली चूक हा विज्ञानाचा मुद्दा आमच्या आराखड्यात कुठेच नव्हता, तो असा आपल्या पायांनी चालत आला.

दुसरा जोडतास टिंबनकाशाचा, म्हणजे ठरावीक लोकसंख्येला एक टिंब देऊन काढायच्या नकाशाचा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ आहे, तालुके अकरा. एका टिंबाचे मूल्य किती घ्यायचे ते गटांनी ठरवायचे. एका गटाने दहा हजार घेतले. म्हणजे ४३२ टिंबे! पंधरा मिनिटांनी ते कंटाळून पेन खाली ठेवून बसले. दुसऱ्या गटाने शहाणपणा केला, पाच लाखांना एक टिंब. मग सगळ्या जिल्ह्याला मिळून नऊच टिंबे आणि तालुके अकरा. बाईंनी विचारले, "मग करमाळ्यात माणसं राहतच नाहीत का?" तिसऱ्या गटाने पन्नास हजार घेतले, ८६ टिंबे आली, ती जमली. पण त्यातली १९ एकट्या सोलापूर शहराची, कारण शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. उत्तर सोलापूर तालुक्याच्या त्या इवल्याशा चौकटीत टिंबे एकमेकांवर चढली, शाई पसरली, काळा डाग पडला. शहर दाट आहे म्हणजे काय, हे त्या डागाने जेवढे सांगितले तेवढे मला फळ्यावर सांगता आले नसते.

सहावी पायरी: पुरावा गोळा करणे

पुरावा तीन ठिकाणांहून घ्या. मुलांच्या वह्या, तुमची रोजची नोंद आणि जोडीदाराने मागच्या बाकावर बसून केलेले निरीक्षण. शेवटचे अवघड जाते. सहकाऱ्याने आपला तास बघणे म्हणजे तपासणी, असे आपल्या अंगात मुरले आहे. त्यावर उपाय असा की त्याने शिक्षकाकडे बघायचेच नाही. सहा मुले ठरवून द्यायची आणि फक्त ती काय करतात तेवढे लिहायचे.

मुलांची खरी नावे अहवालात घालू नका, 'विद्यार्थी अ' पुरते. फोटो, आवाजाचे रेकॉर्डिंग करायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून मग विचारणे ही परवानगी होत नाही.

सातवी पायरी: नंतरची चाचणी आणि तुलना

तीच सहा प्रश्नांची रचना, आकडे आणि गावे वेगळी. आम्ही ती गुरुवारी ठेवली आणि निम्मा वर्ग गैरहजर. सकाळी नळाला पाणी आले होते. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येते, आणि आले की घरातले हाताशी असलेले पोर घागरी भरायला थांबते. हे शाळेच्या वेळापत्रकात कुठे लिहिलेले नसते. तेव्हा चाचणीचा दिवस ठरवताना कोणत्या भागात कधी पाणी येते हे वर्गातच विचारून घ्या, आणि तुलना फक्त दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांची करा. आधीचे ४२ आणि नंतरचे २३ यांची सरासरी शेजारी शेजारी मांडून प्रगती दाखवणे ही फसवणूक आहे, मग ती नकळत का असेना.

किचकट संख्याशास्त्राची गरज नाही. आधी तिसऱ्या रकान्यात असलेली किती मुले पहिल्यात आली, किती दुसऱ्यात, किती जागची हलली नाहीत, एवढे मोजा. आणि न हललेल्यांतल्या तिघा-चौघांशी पाच मिनिटे बोला.

अहवाल

साचा ठरलेलाच असतो: शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, कार्यवाही, निष्कर्ष, शिफारशी. भरा. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली वेळापूरची डाएट, तिथल्या अधिव्याख्यात्यांना आराखडा सुरुवातीलाच दाखवला तर पुढचे बरेच कष्ट वाचतात. राज्य पातळीवरची नवोपक्रम स्पर्धा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे नवे काय केले ते बघतात, इथे काय घडले ते बघायचे असते.

फक्त एक करा: 'शंभर टक्के विद्यार्थ्यांत प्रगती' हे वाक्य लिहू नका. ते कुणी खरे धरत नाही, वाचणाराही नाही.

सोलापुरात आणखी कुठे फटी दिसतात

गणित-भूगोल ही सोपी जोडी. मला जास्त गंमत वाटते ती मराठी आणि इतिहासाच्या जोडीची. आठवीला सविनय कायदेभंगात सोलापूरचा सत्याग्रह येतो. मुलांची उत्तरे बघा: 'गांधीजींना अटक झाली. हरताळ झाला. गोळीबार झाला. मार्शल लॉ लागला.' मे १९३० च्या घटना ओळीने बरोबर, पण एकातून दुसरी का निघाली ते सांगणारा एकही शब्द नाही. याच मुलांनी व्याकरणात उभयान्वयी अव्यये पाठ केलेली असतात: कारणबोधक, परिणामबोधक, सगळी. 'कारण', 'म्हणून', 'तरीही' हे शब्द व्याकरणाच्या वहीतून इतिहासाच्या उत्तरात येतात का, हा पाच आठवड्यांचा चांगला प्रश्न आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, हे हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या मुलांना ठाऊक असते. मधली कारणांची साखळी त्यांना स्वतःच्या वाक्यात मांडता येते का, ते बघा.

वेळ मात्र सांभाळा. पहिले चक्र, म्हणजे नोंदींपासून तुलनेपर्यंतची एक फेरी, दिवाळीच्या सुट्टीआधी संपवायचे. दुसरे नोव्हेंबरअखेर सुरू करून संक्रांतीआधी आटपायचे. एकदा गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा भरली की वर्ग भरत नाही. फेब्रुवारीत नव्याने काही सुरू करू नका.

आमचे दुसरे चक्र 'घनता' या शब्दाचे. विज्ञानाचे सर स्वतःहून आले. त्यांच्या तासाला घनता म्हणजे काय विचारले की मुले 'लोकसंख्या' म्हणतात, ही त्यांची तक्रार. तिकडे वस्तुमान भागिले आकारमान, इकडे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर धरले की चौरस किलोमीटरला २९० माणसे येतात. दोन्हींत सारखे काय, हे विचारायला सुरुवात कुठून करावी यावर आम्ही तिघे डोके खाजवत होतो. शपथवाली मुलगी दुसऱ्या दिवशी एक पुठ्ठा घेऊन आली, मधोमध एक इंच चौकोन कापलेला. टॉवेलवर ठेवून त्यातून उभे धागे मोजायचे. "पप्पा असंच बघतात सर, माल दाट आहे का विरळ." पुठ्ठा आता विज्ञानाच्या सरांच्या टेबलावर आहे. पहिली चाचणी सोमवारी.